आधी तुकडा तपासू दे, मग ऑपरेशनचं बोलू

(पत्र थोडं कमी करून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून छापलं आहे.)

डॉक्टरसाहेब, नमस्कार.
आमचे हे ७१ वर्षांचे. देवगडच्या बाजूला आमची हापूसची बाग आहे, अजून स्वतः झाडावर चढतात. दोन वर्षं रात्री चार-पाच वेळा उठत होते, वयोमान म्हणून आम्ही सोडून दिलं. एप्रिलमध्ये, ऐन आंब्याच्या धांदलीत, लघवी पार अडली. कणकवलीला नेऊन नळी घातली. गोळी सुरू झाली, आठवड्याने नळी निघाली. सोनोग्राफीत प्रोस्टेट ६२ ग्रॅम आणि ग्रेड २ लिहिलंय. रक्तातला पीएसए ११.४. मे महिन्यात कोल्हापूरला एमआरआय केला, त्यात पाय-रॅड्स ४ आलं. डॉक्टर बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणी, करा म्हणाले. मुंबईचे भावजी म्हणतात, सेकंड स्टेजचा कॅन्सर आहे आणि सुई लावली की पसरतो. ह्यांनी फाइल ट्रंकेत घालून कुलूप लावलंय. शेजारच्या गावातल्या एकाकडून काढा आणतात, महिन्याला सहा हजार घेतो, गाठ विरघळेल म्हणतो. देवळात कौल लावला, तर ऑपरेशनला कौल मिळाला नाही. काही विचारलं की म्हणतात, "माका काय एक झाला नाय. गणपती होवंदेत, मगे बघूया." मुलाने रिपोर्टांचे फोटो काढून ठेवले होते, ते पाठवते. हा कॅन्सरच आहे का? बायोप्सी करावी का? कुठे जावं? आणि एक विचारायला संकोच वाटतो, पण विचारते. ह्यात पुरुषाचं पुरुषपण जातं का? ह्यांना बहुतेक तीच भीती आहे.

ताई, नमस्कार.

फोटो नीट आले आहेत, सगळे वाचले. आधी भावजींचा निकाल लावू. सोनोग्राफीच्या रिपोर्टात प्रोस्टेटपुढे लिहिलेली ग्रेड ही फक्त आकाराची असते. प्रोस्टेट ही पुरुषांतली ग्रंथी तरुणपणी साधारण २० ग्रॅमची असते, वयाबरोबर बहुतेक पुरुषांत ती वाढते, आणि मूत्राशयातून येणारी नळी तिच्या मधूनच जात असल्यामुळे वाढली की नळी आवळली जाते. रात्रीचं उठणं, धार बारीक होणं, शेवटी लघवी अडणं, हे सगळं बहुतेक वेळा या साध्या वाढीचं काम. ६२ ग्रॅम म्हणजे ग्रंथी मोठी झाली आहे, एवढाच त्या ग्रेड २ चा अर्थ. कॅन्सरची स्टेज सोनोग्राफीवरून ठरत नाही, आणि ज्याचं निदानच झालेलं नाही त्याला स्टेज कुठली असणार? भावजींना प्रेमाने सांगा की काळजी कळली, आता थोडं थांबा.

पीएसए ११.४. पीएसए म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं, रक्तात मोजलं जाणारं एक प्रथिन; ते वाढलं की कॅन्सरचा संशय घेतात. पण हा आकडा मला फार पटत नाही. फोटोतली तारीख पाहिली तर रक्त नळी घातल्यानंतर तिसऱ्या दिवशी घेतलेलं आहे. लघवी अडली, नळी गेली, सोबत जंतुसंसर्ग झाला, तर पीएसए नुसत्या त्या त्रासाने चढतो, कधी कधी कितीतरी पट. म्हणून अशा प्रसंगानंतर निदान सहा आठवडे जाऊ द्यायचे आणि मग रक्त पुन्हा द्यायचं. तेवढे आठवडे आता होऊन गेले आहेत. तेव्हा नव्याने पीएसए करा, त्याच्या आधी दोन दिवस शरीरसंबंध आणि सायकल टाळा, सोबत लघवीची तपासणी आणि किडनीसाठी क्रिएटिनिनही करून घ्या. लघवी तुंबून राहिली तर किडनीवर ताण येतो, आणि ते बाहेरून कळत नाही.

पण एक सांगून ठेवतो. नवा पीएसए कमी आला तर घरात पेढे वाटून बायोप्सी रद्द करायची नाही. कारण एमआरआय वेगळं सांगतो आहे, आणि त्याचं म्हणणं नळीमुळे बिघडलेलं नाही.

एमआरआयमध्ये संशयाला १ ते ५ असे आकडे देतात, त्यालाच पाय-रॅड्स म्हणतात. १ आणि २ म्हणजे काळजीचं कारण जवळपास नाही, ३ म्हणजे सांगता येत नाही, ४ म्हणजे संशय दाट, ५ म्हणजे फारच दाट. ४ आलेल्यांची बायोप्सी केली तर ढोबळमानाने निम्म्या जणांत उपचाराचा विचार करावा लागेल असा कॅन्सर सापडतो. उरलेल्या निम्म्यांत तो सापडत नाही, किंवा अगदी मंद जातीचा निघतो. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला मी आज "हो" म्हणालो तर ते खोटं ठरू शकतं आणि "नाही" म्हणालो तरी. तुमच्या घरी हे समजावून सांगायला सोपं आहे: हापूस बाहेरून कितीही देखणा असला तरी आत साका आहे की नाही ते कापल्याशिवाय कोणी सांगू शकतं का? एमआरआयने फळ बाहेरून फिरवून पाहिलं आणि बोट एका जागेवर ठेवलं. तुमच्या रिपोर्टात ती जागा उजव्या बाजूला, ११ मिलिमीटरची आहे. त्याच रिपोर्टात खाली दोन चांगल्या ओळी आहेत, त्या बहुधा कोणी वाचून दाखवल्या नसतील: ग्रंथीचं आवरण शाबूत आहे आणि आसपासच्या लसिकाग्रंथी वाढलेल्या नाहीत. म्हणजे जे काही असेल ते, जेवढं दिसतंय त्यानुसार, ग्रंथीच्या आतच आहे. उशीर झालेला नाही. मात्र उशीर करण्याची सोय आहे असा याचा अर्थ घेऊ नका.

आता सुई. "सुई लागली की पसरतं" हे मी कोकणातल्या प्रत्येक तालुक्यात ऐकलंय. हा समज कुठून आला असावा याचा मला अंदाज आहे. पूर्वी माणूस डॉक्टरकडे यायचाच मुळी हाडं दुखायला लागल्यावर. तेव्हा तुकडा तपासला जायचा, निदान व्हायचं, आणि आजार आधीच पसरलेला असल्यामुळे माणूस वर्षा-दोन वर्षांत जायचा. वाडीला एवढंच दिसायचं की सुई लावली आणि माणूस गेला. प्रत्यक्षात जगभर गेली अनेक दशकं प्रोस्टेटच्या बायोप्सी होत आहेत, आणि सुईच्या वाटेने कॅन्सर पसरल्याचं उदाहरण अत्यंत विरळ आहे. त्या भीतीपायी निदान सोडून देणं हा घाट्याचा सौदा आहे.

बायोप्सीत नेमकं काय होतं ते त्यांना आधीच सांगा, न सांगता नेऊ नका. जागा बधिर करून, सोनोग्राफीवर बघत, बारीक सुईने साधारण १२ नमुने घेतात आणि एमआरआयने दाखवलेल्या जागेतून आणखी दोन-चार. ही सुई गुदद्वारातून किंवा हल्ली अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून घालतात. दुसऱ्या पद्धतीत जंतुसंसर्गाचा धोका कमी असतो, तेव्हा ती उपलब्ध आहे का ते विचारा. काम अर्ध्या तासाच्या आत होतं, बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. नंतर काही दिवस लघवीत थोडं रक्त येतं, आणि वीर्य काही आठवडे तांबूस-तपकिरी दिसू शकतं. हे दुसरं आधी सांगितलं नाही तर पुरुष घाबरून अर्धा होतो आणि बायकोलाही सांगत नाही. खरी भीती फक्त थंडी वाजून येणाऱ्या तापाची. तसं झालं तर रात्र असो, पाऊस असो, थेट रुग्णालय. म्हणूनच बायोप्सीनंतरचे दोन दिवस आडगावी न जाता कणकवलीत किंवा कोल्हापुरात एखाद्या नातेवाइकाकडे राहा. ते इकोस्प्रिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी कुठली गोळी घेत असतील तर डॉक्टरांना आधी कळवा. ती आपल्या मनाने बंदही करायची नाही आणि न सांगता चालूही ठेवायची नाही.

मग रिपोर्ट येईल. त्यात ग्लीसन नावाचा आकडा असतो, ३+३=६ ते ५+५=१०. तुकड्यातल्या पेशी किती बिघडलेल्या दिसतात याचं ते मोजमाप. कॅन्सर निघाला आणि तो ६ चा असेल, तर बहुतेक वेळा पहिला सल्ला उपचाराचा नसतोच. नियमित पीएसए, मधूनमधून एमआरआय, ठरावीक काळाने पुन्हा बायोप्सी, आणि चाल बदलली तरच उपचार. हे ऐकून लोकांना वाटतं, डॉक्टरांनी हात टेकले. तसं नाही. ब्रिटनमध्ये ५० ते ६९ वयाच्या १,६४३ पुरुषांना तीन गटांत वाटून, एका गटाची शस्त्रक्रिया, एकाला रेडिएशन, एकावर फक्त देखरेख असा मोठा अभ्यास झाला. १५ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रोस्टेटच्या कॅन्सरने मृत्यू आलेले सगळे मिळून ३ टक्क्यांच्या आत होते आणि तिन्ही गटांत त्यात फारसा फरक नव्हता. देखरेखीच्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण मात्र इतरांच्या सुमारे दुप्पट होतं, म्हणून देखरेख म्हणजे दुर्लक्ष नव्हे. तुमच्या यजमानांना हे आकडे जसेच्या तसे लावू नका, ती माणसं वयाने लहान होती आणि बहुतेकांचा आजार सौम्य होता. सांगायचं एवढंच की ग्रंथीत राहिलेला हा कॅन्सर सहसा सावकाश चालतो, विचार करायला आठवडे मिळतात. दोन-चार आठवडे तारखेसाठी थांबलात तर काही बिघडत नाही. पण पाऊस, मग गणपती, मग दिवाळी, मग मोहोर, असं करत पुढचा सीझन आला तर त्याला थांबणं म्हणत नाहीत.

आकडा ७ किंवा त्याहून जास्त आला तर शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन यांची चर्चा होईल, काहींना सोबत हार्मोनची इंजेक्शनं. तेव्हा शस्त्रक्रिया करणारा आणि रेडिएशन देणारा अशा दोन्ही डॉक्टरांना भेटल्याशिवाय कशालाही होकार देऊ नका. ७१ व्या वर्षी रेडिएशन हा दुय्यम पर्याय नाही, बरोबरीचा आहे. रोबोच्या जाहिरातीलाही भुलू नका. रोबो चांगलं यंत्र आहे, पण या शस्त्रक्रियेत यंत्रापेक्षा चालवणाऱ्याचा हात महत्त्वाचा. महिन्याला अशा किती करता, हे विचारायला लाजू नका.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. संकोच करून विचारलात, मी मात्र संकोच न करता उत्तर देतो. बायोप्सीने पुरुषपण जात नाही. फार तर काही आठवडे ताठरपणा कमी वाटू शकतो. शस्त्रक्रियेत ग्रंथीला चिकटून जाणाऱ्या बारीक नसा दुखावतात, त्यामुळे ताठरपणाची अडचण बऱ्याच जणांना येते. नसा वाचवता येतील का हे गाठ कुठे आहे त्यावर अवलंबून. रेडिएशनमध्ये हीच अडचण उशिरा, हळूहळू येते. हार्मोनच्या इंजेक्शनांनी इच्छाच मंदावते. शस्त्रक्रियेनंतर काही महिने लघवी ठिबकण्याचा त्रास बहुतेकांना होतो, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याच्या व्यायामाने तो बराच सावरतो. ताठरपणासाठी गोळ्या आहेत, इतर उपाय आहेत. एकाहत्तरीत कसलं आलंय हे, असं कोणी म्हणेल, डॉक्टरही म्हणेल. म्हणू देऊ नका. त्यांना महत्त्वाचं वाटत असेल तर ते महत्त्वाचं आहे, आणि उपचार निवडताना ते तोलात धरलं पाहिजे. पण हा सगळा हिशेब बायोप्सीच्या पलीकडचा आहे. मला वाटतं, ते बायोप्सीला घाबरलेले नाहीत. बायोप्सीला हो म्हटलं की ऑपरेशन आलंच, असं त्यांनी मनात धरलंय. या दोन गोष्टी तुम्ही त्यांच्यासमोर वेगळ्या करून ठेवल्यात तर अर्धं काम होईल.

कौलाचंही तेच. मी देवाच्या कारभारात पडत नाही. पण प्रश्न ऑपरेशनचा लावलात, आणि ऑपरेशन तर अजून कोणी सांगितलेलंच नाही! गुरवाला नीट सांगा, तपासणी सुखरूप होऊ दे म्हणून गाऱ्हाणं घाला, आणि निघा.

काढ्यावरून भांडण काढू नका, त्यात तुमची ताकद जाईल. एक अट घाला: काढ्यात काय काय घातलंय ते बाटलीवर लिहून आणा, डॉक्टरांना दाखवू. देणारा लिहून देणार नाही, आणि तिथे तो विषय बहुधा आपोआप संपेल. प्रोस्टेटमधली गाठ काढ्याने विरघळत नाही, आणि ज्यात काय आहे ते ठाऊक नाही असं औषध, किडनीवर ताण आलेला असू शकतो अशा माणसाने घेऊ नये. नोंदणीकृत वैद्याचं औषध असेल तर तेही डॉक्टरांना माहीत असू दे.

त्यांची चालू गोळी टॅमसुलोसिन आहे. तिने उभं राहताना रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. रात्री जेवणानंतर घ्यायची, आणि झाडावर चढणं कृपा करून बंद. मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी ठरलं तर नेत्रतज्ज्ञाला ही गोळी चालू आहे हे आवर्जून सांगा. पावसात सर्दी होणारच, पण मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या परस्पर आणू नका, काहींनी लघवी पुन्हा अडते. तसं झालं, किंवा पाठीत सतत दुखून पायांत जोर नाहीसा झाला, पाय बधिर वाटले, तर उद्याची वाट बघायची नाही.

कुठे जावं? बायोप्सीसाठी मुंबई गाठायलाच हवी असं नाही. कोल्हापूरला एमआरआय झालाय, तिथेच या कामाचा सराव असलेल्या मूत्ररोगतज्ज्ञाकडे ती होऊ शकते. घाटात दरड आलीय का, हे मात्र निघण्याआधी विचारा. कॅन्सर निघाला तर एकदा मोठ्या कॅन्सर केंद्राचं मत घ्यावं. मी परळच्या टाटा मेमोरियलचं नाव घेईन. जाताना एमआरआयची फिल्म नव्हे तर सीडी न्या, आणि बायोप्सीच्या लॅबकडून तुकड्यांच्या काचेच्या स्लाइड आणि ते तुकडे जपलेले मेणातले ब्लॉक मागून घ्या. तिथे तुकडे पुन्हा पाहतात, कधी ग्लीसनचा आकडा बदलतो, आणि ब्लॉक नसतील तर तुमची एक खेप फुकट जाते. कणकवलीहून रात्रीची तुतारी एक्स्प्रेस पकडलीत तर सकाळी दादर, परळ तिथून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, ते पाहून घ्या. निदान झाल्यावर रुग्णालयाकडून रेल्वे सवलतीचा फॉर्म मिळतो, कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सूट, सोबतच्या एकाला ७५ टक्के. मुंबईत कोणाकडे उतरायचं नसेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही रुग्णांसाठीची ठिकाणं आहेत, पण आधी चौकशी करून जा.

पैशांचं. वय सत्तरच्या वर असल्यामुळे आधारवरून त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण, उत्पन्नाची अट नाही. शिवाय राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ज्या रुग्णालयात जाल तिथल्या, या योजनांचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच भेटा आणि नुसत्या तपासण्यांचा खर्च बसतो का ते विचारून घ्या, अनेकदा तोच आपल्या खिशातून जातो. सहा हजारांचा काढा दोन महिने थांबला तरी त्याला हातभार लागेल.

आता त्यांना तयार कसं करायचं. मुलगा, भावजी, जावई असे चार जण ओटीवर बसवून समजूत घालू नका, ते जास्तच गप्प होतील. वाडीत कळेल ही भीती त्यांना दुखण्याइतकीच असेल, ती खोटी म्हणून उडवू नका. हे कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही, ते त्यांना ठरवू दे. ज्याचं प्रोस्टेटचं काही झालंय असा त्यांच्याच वयाचा एखादा माणूस ओळखीत असेल, बंदरावरचा, भजनातला, कोणीही, तर त्याला संध्याकाळी सहज चहाला बोलवा आणि तुम्ही आत निघून जा. कणकवलीच्या डॉक्टरांना आधी फोन करून सांगा की त्यांच्याशी पाच मिनिटं एकट्याने बोला. बायकोसमोर जे विचारता येत नाही ते तिथे विचारलं जाईल. आणि गणपतीवरून अडले तर तारखेचा हिशेब त्यांच्यासमोर मांडा: चतुर्थीला दोन महिन्यांहून जास्त अवकाश आहे, बायोप्सी या पंधरवड्यात झाली तर रिपोर्ट येऊन, मत घेऊन, मखर बांधायच्या आत सगळं कळलेलं असेल.

रिपोर्ट आणायला त्यांना एकटं पाठवू नका, आणि त्यांना घरी ठेवून तुम्हीही एकट्या आणू नका. जोडीने जा, प्रश्न कागदावर लिहून न्या, डॉक्टर बोलतील ते मुलाला टिपून घ्यायला सांगा. नंतर मला दोन गोष्टी कळवा: ग्लीसनचा आकडा, आणि किती तुकड्यांपैकी किती तुकड्यांत तो सापडला. म्हणजे पुढचं बोलता येईल.